एक्स-रेवर कापलेली जास्वंद

गडहिंग्लजच्या स्टँडवर आईने माझा पदर सारखा केला आणि म्हणाली, "नाहीच करमलं तर सरळ निघून ये." गोवा नुकतंच वेगळं राज्य झालं होतं. डिचोलीजवळच्या एका कारखान्यात ह्यांना फिटरचं काम लागलं होतं. सुमन, तू "ताई, ताई" करत बसच्या खिडकीशी रडत होतीस. मला मात्र नव्या संसाराची घाई झाली होती.

इथे आल्यावर ती घाई उतरली. बोली कानाला ओळखीची वाटे, पण जिभेवर येत नसे. घरमालकीण रुक्मिणबाय म्हणाली, "जनेल धांप गो," तर मी दार लावून घेतलं. जनेल म्हणजे खिडकी, हे दाखवायला ती हसत हसत आत आली.

पहिल्याच पावसाळ्यात कामावर ह्यांचा पाय मोडला. प्लास्टर घातलं. सासऱ्यांचा निरोप आला, "दोघंही परत या, इथे शेत आहे." ह्यांनाही ते पटायला लागलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. जेवायलासुद्धा हाका माराव्या लागत.

तेवढ्यात चवथ जवळ आली. रुक्मिणबायला गणपतीमागे लावायला पडदा हवा होता, पण बाजारातले चकचकीत पडदे तिला पसंत पडेनात. मी म्हटलं, "पांढरं कापड द्या, छापून बघते." शाळेत असताना पुठ्ठा कापून रुमाल छापले होते, एवढंच माझं भांडवल. पुठ्ठा रंगाने भिजून पार लोळागोळा झाला. तेव्हा ह्यांनी कूस बदलली.

"तो एक्स-रे आण. तो भिजायचा नाही."

"अहो, तुमचा पाय आहे त्यात!"

"मोडलेलाच आहे. काप."

कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

गरम पाण्यात सोडा घालून घासल्यावर काळा थर सुटला, हाडं गेली, स्वच्छ फिल्म उरली. तिच्यावर मी जास्वंद काढली. ब्लेड ह्यांनीच घेतलं. पाकळ्या तुटून एकच भोक होऊ नये म्हणून मधे बारीक पट्ट्या राखल्या. पहिल्या फुलाखाली रंग पसरला. मग मी स्पंज जवळजवळ कोरडा करून हलके टिपत गेले. फिल्म उचलली, तर कडा अगदी रेखीव! "आता दुसरं," हे म्हणाले, आणि सरकत सरकत उठून बसले.

चवथीला पडद्यापाशी पाहुण्यांनी विचारलं, "हें कोणें केलां गो?"

"आमच्यांनीच, आनी कोणें?" रुक्मिणबाय म्हणाली.

आम्ही मागेच उभे होतो. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गावी कळवलं, पाय बरा झाला की कामावर जाणार.

सुमन, आता तूही लग्न होऊन पुण्याची झालीस, म्हणून तुला सांगते. यंदा दिवाळीनंतर आईकडून निघताना तोंडून निघून गेलं, "आई, आता घरी जायला हवं." आई थबकली. मीही. मग तीच म्हणाली, "जा बाई. वाट बघत असतील तिकडे."

आणि खरंच, डिचोलीत बसमधून उतरले तर रुक्मिणबाय समोर उभी. "इतले दीस खंय गो?" म्हणाली, आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन पुढे चालूही लागली.