वातींची नाव

मनकर्णाबाईंचं माहेर गोदावरीच्या पल्याड, अंगणातून दिसायचं. पण बंधाऱ्याचं पाणी चढून पायी ओलांडायचा उतार बुडाला, तेव्हापासून तिथं जायचं म्हणजे एसटीनं सोनपेठवरून केवढा तरी वळसा!

शेवटी गावानंच नाव बांधायला घेतली. बजरंग सुताराची उभी हयात बैलगाड्या करण्यात गेलेली. त्यानं गड्यांना हाताशी घेऊन बाभळीच्या फळ्या जोडल्या, पण मधे फटी राहिल्याच. मनकर्णाबाईंनी फटीत बोट घालून पाहिलं. "ह्यातून वारा शिरायलाय. पाणी काय इचारून येणार हाय?"

मग बायका कामाला लागल्या. देवासाठी फुलवाती वळणारे हात आता कापसाच्या हात-हात लांब वाती वळू लागले. बजरंग त्या जवसाच्या तेलात भिजवून फटीत ठोकायचा, वरून डांबर फासायचा. वळता वळता मनकर्णाबाईंचा डोळा लागायचा. मिटल्या डोळ्यांपुढं नाव लहान लहान होत द्रोणाएवढी व्हायची. लहानपणी पल्याडच्या घाटावरून त्यांनी पाण्यात सोडलेल्या दिव्यासारखी ती तरंगत राहायची, अन् वाहायची मात्र उलटी, माहेराकडं.

दिवस कलताना नाव पाण्यात उतरली. आत थेंबसुद्धा आला नाही.

"आधी गडी जाऊन येतेत, मावशी," बजरंग म्हणाला. "तुमी उद्या बसा."

मनकर्णाबाई भडकल्या. "वाती घातल्या, तेल घातलं. ज्योतीबिगर दिवा सोडतेत का रं? सरक तिकडं!"

आणि पिवळंधमक लुगडं सावरत त्या नावेच्या मधोमध जाऊन बसल्या.