काळ्या भांड्यातलं पीठ

दिवाळी चार दिवसांवर आली होती. हे भाताच्या गिरणीवर गेले होते, मशीनमध्ये चादरी फिरत होत्या आणि मी लाडवांसाठी बेसन भाजायला घेतलं होतं. तूप सुटायला अजून वेळ होता. तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली.

आमच्या या परदेशातल्या गावात पुढच्या दारावर थाप पडत नाही. ओळखीची माणसं मागच्या अंगणातून येतात, जाळीचं दार ढकलतात आणि आत पाऊल टाकून झाल्यावर "आहेस का गं घरात?" असं विचारतात. पुढच्या दाराने येतात ते पार्सलवाले, नाहीतर जोडीजोडीने फिरणारे धर्मप्रचारक. त्यांच्यासाठी कढईतलं बेसन सोडून जाण्यात काही अर्थ नव्हता. मी हलवत राहिले. थाप पुन्हा पडली.

"कोण आहे? दार उघडंच आहे!"

"मी आहे, शा. हात थांबवू नकोस. मीच येते आत."

इथली जुनी, घरात फ्रेंच बोलणारी माणसं जवळच्या माणसाला 'शा' म्हणतात, आपण 'बाळा' म्हणतो तसं. पण मला आता उठताबसता 'शा' म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, शेजारच्या मिस ओझीट लातियोले. इथे लग्न झालेल्या थोरल्या बाईलाही मानाने 'मिस'च म्हणतात. आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाला एक फट आहे. इतकी वर्षं त्या तिथूनच येत आल्या, पायात घरातल्या सपाता आणि अंगावर पिठाचा एप्रन तसाच. आज त्या रस्त्याने वळसा घालून आल्या होत्या. अंगात चर्चला घालतात तो निळा झगा, ओठांना लाली, आणि हातात पर्स.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"इथेच," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर टेकल्या. पर्स मांडीवर धरून ठेवली.

मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना. दरवर्षी या दिवसांत त्या कुंपणापलीकडूनच ओरडतात, "नलिनी, तुझे ते पिवळे गोळे होतायत वाटतं! माझे चार बाजूला काढ!" आज अर्धं घर बेसनाच्या वासाने भरलं होतं आणि त्या पर्सच्या कडीशी चाळा करत गप्प बसल्या होत्या.

मिस ओझीट ऐंशीच्या पुढच्या. जन्म इथून जवळच, भाताच्या शेतावरचा. लहानपणी तेलाच्या रिकाम्या डब्यावर उभं राहून त्या पहिला रू करायला शिकल्या. रू म्हणजे तेलात भाजलेलं पीठ, बाकी काही नाही. पण इथला प्रत्येक रस्सा त्याच्यावर उभा राहतो. पीठ एकदा तेलात पडलं की हात थांबवायचा नाही, मग दारात कुणी येवो की फोन वाजो. "आई म्हणायची, रडायचं असेल तर रड, पण हलवत राहा," हे त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. त्यांच्या क्लेफांनी लग्नाचं विचारलं तेसुद्धा त्या रू हलवत असताना. "मी म्हटलं, थांब, आधी कांदा पडू दे! बिचारा टोपी हातात धरून उभा. त्याला वाटलं, नाहीच म्हणतेय."

पुढे चाळीसेक वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी. आमच्या गावातला पन्नाशीचा कुठलाही माणूस थांबवून विचारा, तो त्यांच्या हातचं जेवून मोठा झालेला असतो. हिवाळ्यात पहिली कडक थंडी पडली की शेतावर डुक्कर कापायचा दिवस असे. पुरुष पहाटेपासून मांस तोडत, बायका सॉसेज भरत आणि पाठीचे मणके न विचारता मिस ओझीटच्या काळ्या लोखंडी भांड्यात जात. त्या मणक्यांचा रस्सा त्याच दुपारी सगळ्यांनी मिळून भातावर घेऊन खायचा. मग एकेक करून ती पुरुष मंडळी गेली. क्लेफा गेले. आता मणके दुकानात प्लॅस्टिकच्या वेष्टनात मिळतात. मिस ओझीट ते आणतात आणि त्याच भल्यामोठ्या भांड्यात शिजवतात. लहान भांड्यात रू करायचा हात त्यांना कधी बसलाच नाही. एक वाडगा जेवतात, उरलेलं आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवतात. एकदा त्यांनी मला तो फ्रीझर उघडून दाखवला होता. वरपासून खालपर्यंत व्हॅनिलाचे डबे, आणि त्यांत व्हॅनिला कुठेच नाही.

क्लेफा गेल्यावर त्यांच्याशी घरात फ्रेंच बोलणारं कुणी राहिलं नाही. शनिवारी सकाळी रेडिओवर फ्रेंच गाण्यांचा कार्यक्रम लागतो. निवेदक विचारतो, "काय मंडळी, बरी आहात ना?" खिडकी उघडी असली तर मला ऐकू येतं, मिस ओझीट त्याला सविस्तर उत्तर देत असतात. गुडघ्याचंही सांगतात.

"शनिवारी सगळे येणार असतील," मी कढई हलवत म्हटलं. शनिवारी सर्व संतांचा दिवस होता. त्या दिवशी इथे थडगी धुतात, चुना लावतात, शेवंतीची फुलं ठेवतात, आणि मग सगळं कुटुंब थोरल्यांच्या घरी जेवतं. मिस ओझीटची मुलगी जनेल ह्यूस्टनहून येते. मुलगा ड्वेन समुद्रातल्या तेलविहिरीवर असतो, तो सुट्टी घेऊन येतो. जेवायला मणक्यांचा रस्साच असतो.

"येणार आहेत. जनेल म्हणाली, जेवण झाल्यावर बसून बोलू." त्यांनी पर्स मांडीवरून टेबलावर ठेवली. "तिनं तिच्या घरी खोली रंगवून घेतलीय माझ्यासाठी. फिकट जांभळी. मी काय ईस्टरचं अंडं आहे? आणि शेगडी विजेची."

"पण अचानक का?"

"मागच्या महिन्यात ती आली तेव्हा माझा गॅस उघडा होता. ज्योत विझलेली. मी तिथेच बसून वाटाणे सोलत होते. ती म्हणाली, मम्मा, वास येत नाही का तुला? मी म्हटलं, आत्ताच चालू केलाय, काडी शोधतेय. काडेपेटी माझ्यासमोर होती, शा."

मी हलवत होते. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, कढईकडे नाही.

"मला वास येत नाही," त्या म्हणाल्या. "गेल्या हिवाळ्यातल्या त्या तापानंतर गेला तो आलाच नाही. कॉफीचा नाही, पावडरचा नाही, क्लेफाच्या कोटाचा नाही. मी म्हटलं, म्हातारपण आहे, कमी येत असेल. कमी येणं वेगळं गं. हे म्हणजे कुणीतरी दार लावून घेतलंय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मघाशी दाराबाहेरून त्यांनी "हात थांबवू नकोस" म्हटलं ते कढईत उलथनं फिरल्याचा आवाज ऐकून. घरभर वास होता, आणि त्यांनी आवाज ऐकला होता.

"मिस्टर आल्सीड गेले, त्यांच्या मयताच्या जेवणाला मी रस्सा केला होता, आठवतंय?"

आठवत होतं. चर्चच्या हॉलमध्ये सगळं गाव होतं. मी डुकराचं खात नाही हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून माझ्यापुढे नेहमीप्रमाणे बटाट्याचं सॅलड आलं होतं. आमच्या टेबलावर त्या दिवशी भात जरा जास्तच मागवला जात होता, एवढं मी पाहिलं होतं. आणि माणसं रांगेने येऊन मिस ओझीटचा हात हातात घेत होती. "तुमच्या हाताला तोड नाही, मिस ओझीट." "आल्सीड असता तर भांडं चाटून पुसून ठेवलं असतं."

"उरलेला घरी आणला," त्या म्हणाल्या. "मला काही जेवण जाईना, म्हणून पटाटला वाढला. पटाटनं हुंगलं, माझ्याकडे पाहिलं आणि उठून अंगणात गेला. ज्या कुत्र्यानं माझी चर्चची चप्पल खाल्ली त्यानं! मग मी भांडं उचलून दारात उन्हात नेलं आणि चष्मा लावून पाहिलं. रश्शात काळे कण, शा. सगळीकडे. रू जाळला होता मी. जळलेला रू मी मयताच्या जेवणाला वाढला, आणि ते खाऊन लोक माझा हात हातात घेत होते."

"त्यांना तुमचं मन मोडायचं नव्हतं."

"ते मला कळतं गं. समोरच्या घरातल्या एल्टननं तर दोनदा घेतला. दोनदा! बायकोनं डोळे वटारले असतील म्हणून. त्याला मी मेल्यावरसुद्धा माफ करणार नाही." त्या हसल्या आणि मग हसणं अर्ध्यातच राहिलं. "एवढ्या माणसांत मला सांगणारं एकच निघालं, आणि ते कुत्रं."

मी ज्योत बारीक केली. मग विचारलं, "रंगावरून नाही का कळत?"

"फिका असेल तर कळतो. मणक्यांना गडद लागतो. भांडं काळं, रू काळपट, माझे डोळे असे. शेवटची दोन मिनिटं डोळ्यांची नसतातच, नाकाची असतात. आणि तू आता बरणीतला तयार रू आण म्हणशील. तो वापरणाऱ्या लू एलाला गावासमोर मी म्हटलंय, त्या बरण्या बटणं ठेवायला छान आहेत. शिवाय ड्वेन पहिल्या घासाला ओळखेल. जनेल तर नुसत्या वासानं. तिचं नाक माझं आहे." थोडं थांबून त्यांनी पुस्ती जोडली, "माझं होतं ते."

"पण गॅसचं काय, मिस ओझीट? जनेल काही चुकीचं बोलत नाहीये."

"नाहीच बोलत. म्हणून तर आणलं ना मी ते यंत्र, गॅस सुटला की बोंबलतं ते. भिंतीवर लावून घेतलंय. परवा करून पाहिलं, पटाट पलंगाखाली गेला तो संध्याकाळी बाहेर आला. शनिवारी जनेललाही वाजवून दाखवीन, आणि नाकाचंही सांगीन. लपवणार नाहीये मी. पण आधी त्यांनी जेवावं. जेवताना त्यांना कळावं की या घरात अजून रस्सा होतो. मग बोलू दे काय बोलायचं ते. जळका रस्सा पुढ्यात ठेवून मी कुठल्या तोंडानं म्हणू, मी इथेच राहते?" त्यांनी बोटाने टेबलावरचा नसलेला डाग पुसला. "गॅससाठी बोंबलणारं यंत्र मिळतं. रूसाठी बोंबलणारं मी विचारलं दुकानात. तो पोरगा म्हणाला, स्टॉकमध्ये नाही."

मी हसले. त्याही हसल्या, यावेळी पुरत्या.

बेसन हलकं होत आलं होतं, उलथन्याला जड लागेनासं झालं होतं. मिस ओझीट उठल्या आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. वाकून कढईत पाहिलं. त्यांनी एक लांब श्वास घेतला, मग पुन्हा एक, आणि मान हलवली.

"आत्ता कसा येतोय?" त्यांनी विचारलं.

"कच्चेपणा गेलाय," मी म्हटलं. "भाजल्या शेंगदाण्यांसारखा येतोय. गरम, सालासकट शेंगदाण्यांचा."

"हं. रूलासुद्धा आधी तोच येतो. मग?"

आमच्याकडे त्यापुढच्या वासाला एकच शब्द आहे, खमंग. तो त्यांना सांगून काय उपयोग होता? मी शोधत राहिले. "थांबा, पालटतोय. आता गोडसर झाला. थंडीतल्या दिवशी इस्त्री केलेला गरम कपडा उचलून तोंडाला लावावा, तसा काहीसा."

त्यांनी डोळे मिटले होते. एक हात कट्ट्याच्या कडेला, दुसरा हवेत, काहीतरी गोल गोल हलवणारा.

"याच्या पुढे अर्ध्या मिनिटात कडू," त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

"हो. म्हणून आता उतरवते."

मी गॅस बंद केला, कढई खाली घेतली आणि तरीही हलवत राहिले, कारण तापल्या कढईत बेसन भाजतच राहतं. त्यांना ते सांगावं लागलं नाही. कढईतला चुरचुराट थांबेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी डोळे उघडले, टेबलावरची पर्स घेतली, झगा सारखा केला आणि पुढच्या दाराने आलेल्या पाहुणीने बोलावं तसं ताठ उभं राहून म्हणाल्या,

"नलिनी, त्या दिवशी तू माझा रस्सा खाल्ला नव्हतास, म्हणून तू माझ्याशी खोटंही बोलली नाहीस. तुला मांसाला हात लावावा लागणार नाही. शनिवारी सकाळी माझ्याकडे ये. हलवीन मीच. तू फक्त शेजारी उभी राहा, आणि वास पालटला की मला सांग."