दोन शिंगांची डबी

दीपमालाच्या मांडीवर तळहाताएवढी काळी डबी होती, डबीला शिंगांसारख्या दोन अँटेना, आणि भोवती करमाडजवळच्या वस्तीवरची पंधरा-वीस माणसं. टँकरची वाट बघून बघून तापलेली. २०२४ चा मे. गेल्या साली पावसानं पाठ फिरवली होती.

"ह्येच त्ये," कडूबा म्हणाला. टँकरच्या रांगेचा हा आपणहून होऊन बसलेला मुकादम. "ढग पळवायचं यंत्र! कारखान्यावाले कायतरी करत्यात, म्या म्हनलंच व्हतं. आन इकडं!"

हसावं की रडावं! ती डबी ढग काय, माशीसुद्धा पळवू शकत नव्हती. समोरच्या कारखान्याच्या वायफायचं कुलूप बाहेरून उघडतं का, एवढंच ती बघायची, आणि तेही मालकाच्याच सांगण्यावरून. त्याचं पत्र पिशवीत होतं. पण पहारेकऱ्यांनी पकडलं तरच ते काढायचं. त्यांना आधी सुगावा लागला की परीक्षा बाद. फाटक शंभर पावलांवर होतं. एकटीवर सोपवलेलं हे तिचं पहिलं काम. फसलं तर पुन्हा ऑफिसात फोन उचलत बसायचं, असं तिच्या सुरक्षा कंपनीच्या साहेबांनी बजावलं होतं.

दीपमाला लासूर स्टेशनकडची, मेंढरांमागं फिरत वाढलेली. तंत्रनिकेतनात पोरं तिला 'मेंढी' म्हणायची. हिनं ऐकून घेतलं आणि त्या सगळ्यांना मागं टाकून पहिली आली.

कडूबानं डबीला हात घातला. तिनं ती छातीशी धरली.

"थांब रं," उपड्या घागरीवर बसलेली म्हातारी आवडाबाई म्हणाली. वस्तीत तिचा शब्द चालायचा. "कोनाची गं तू?"

"धोंडिबा धनगराची. लासूरकडची."

"मंग हितं काय हुडकतीस?"

वायफाय समजावण्यात अर्थ नव्हता. तिला बाप आठवला.

"आजी, रानात आमचा मेंढरांचा वाडा बसला की माझा बाप कधीमधी दुसऱ्याची घोंगडी पांघरून चोरासारखा आपल्याच मेंढरांत शिरायचा. कुत्री भुंकत्यात का बघायला. नाय भुंकली, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागा बदलायचा. मी बी त्येच करते. ह्या कारखान्याची कुत्री भुंकत्यात का बघते."

आवडाबाई खुदकन हसली. तिचंही माहेर मेंढरांतलं. "खरं हाय. माझा बाबा बी करायचा." माणसं जरा सैलावली. "मंग? भुंकलं का?"

दीपमालानं मोबाईल पाहिला. कुलूप केव्हाच उघडलं होतं. पडद्यावर पाण्याच्या तीन टाक्या, तिन्ही काठोकाठ. खाली भिंतीबाहेरच्या झाडांना पाणी सोडायची झडप, बंद. त्याच झाडांखाली ही सगळी उभी होती.

"नाय भुंकलं," ती म्हणाली, आणि भोळेपणानं टाक्यांचंही सांगून बसली.

"मंग सोड की पानी!" कडूबा पुढं सरकला. घागरी खणखणल्या. गर्दी पुन्हा आवळली.

तिचं बोट झडपेपर्यंत गेलं. गेलं, ते लपवायचं कशाला? मग तिनं हात मागं घेतला.

"माझा बाप आत जाऊन मेंढरू उचलत नव्हता. रिकाम्या हातानं बाहेर यायचा."

कडूबा तोंड उघडणार, तोच आवडाबाईनं त्याला हातानं गप्प केलं. "जाऊ द्या तिला. पोटासाठी आलीया." मग ती दीपमालाकडं वळली. "पर पोरी, तुझ्या बापाची मेंढरं त्येची सोताची व्हती. ह्ये पानी कोनाचं?"

दीपमालानं डबी पिशवीत टाकली आणि खाली मान घालून रस्त्याला लागली.

संध्याकाळी तिनं अहवाल लिहिला. कुलूप कच्चं, आत शिरता आलं, कशालाही हात लावला नाही. साहेबांनी पाठ थोपटली. खोलीवर आल्यावर तिनं बापाला फोन लावला. आवडाबाईचा प्रश्न त्याला विचारायचा होता, पण धीर झाला नाही. मेंढरांना पाणी मिळतंय का, एवढंच विचारलं.