मी खोडलेलं मागचं दार

प्रिय इरा आणि चिन्मय,

रविवारी फोनवर इराने सांगितलं की घरांचे नकाशे काढायला शिकवणाऱ्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. मी देवापुढे साखर ठेवली. मग वाटलं, बीडची हकिगत आता सांगायला हवी. एका नकाशात तुमच्या आजीने काय केलं, ते तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

घरांचे नकाशे तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी एका संस्थेच्या समितीवर तेच काम करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांना गावात कोणी जागा देत नाही, त्यांना ही संस्था घरं बांधून देते. बीड जिल्ह्यात तिने पारधी कुटुंबांसाठी बारा घरं बांधली. पारधी म्हणजे फासे लावून तितर, ससे धरणारी, कुठेच टिकू न दिलेली माणसं. अकरा कुटुंबं राहायला गेली. बारावं घर सुंदराबाईचं. ती काही आत पाऊल टाकेना. सहा महिन्यांत राहायला न आल्यास घर यादीतल्या पुढच्या नावाला द्यायचं, असा नियम होता. तो मीच लिहिला होता. त्यामुळे तिचा नकार कागदावर घ्यायलाही मीच निघाले.

पुण्याहून एसटीने बीड, तिथे एका लॉजवर मुक्काम, आणि सकाळी चौसाळ्याची गाडी. मांजरसुंब्याच्या घाटात दोन्ही बाजूंना बोडके डोंगर. वेचणी झालेल्या कापसाच्या काड्या शेतात उभ्या होत्या. कपिलधारचा फाटा दिसला, तेव्हा परतताना धबधबा आणि देऊळ पाहायचं, असं मी वहीत टिपून ठेवलं.

चौसाळ्यात रिक्षावाल्याला वस्तीचं नाव सांगितलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पारध्याच्या वस्तीवर? कावून जीव धोक्यात घालता आज्जी?"

"का, काय होतं तिथे?"

"व्हायचं काय! पर्स छातीशी धरा. म्या फाट्यावर सोडतो, आत यायचो न्हाई."

आणि मी पर्स खरंच छातीशी धरली. हे लिहायला नको वाटतं, पण तसं झालं.

फाट्यापासून पायवाट होती. ढेकळांत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. संस्थेची कार्यकर्ती मंदाताई घ्यायला आली होती. तिने सेफ्टी पिन लावून चप्पल चालती केली. वळणावर घरं दिसली. बारा सारखी, पांढरी, सरळ रेषेत. मी मंजूर केलेल्या नकाशातली रेषा अशी उभी राहिलेली पाहून मला फार बरं वाटलं.

पहिलं घर ताराचं. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "आमच्यातलं पानी चालतं का?" मी प्यायले. मग कोरा चहा, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आली. चटणी इतकी तिखट की माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि जमलेल्या बायका हसल्या. तेवढ्यात मागच्या भिंतीवर टांगलेली वाकळ (जुन्या लुगड्यांची गोधडी) वाऱ्याने फुगली.

भिंतीतून वारा कसा येईल? मी उठून वाकळ बाजूला केली. मागे माणूस वाकून जाईल एवढं भगदाड होतं. विटा नीट काढलेल्या, कडा मातीने लिंपलेल्या.

हसू थांबलं. तारा म्हणाली, "आता घर काढून घेताल का बाई?"

मंदाताई खाली पाहत होती. "अकराही घरांत आहे," ती हळूच म्हणाली. "मी कळवलं नाही. का ते सुंदराबाईलाच विचारा."

सुंदराबाई आपल्या नव्या घराशेजारीच पालात (ताडपत्रीच्या तंबूत) राहत होती. पन्नाशीची, बारीक, ताठ. सोबत विधवा सून आणि तीन वर्षांची नात. मी कागद काढला आणि विचारलं, घर का नको?

"नको कोन म्हनलं? पर त्याला दार एकच हाय."

"मग?"

"आमी फासे लावनारी मानसं बाई. एकच वाट ठिवली की तितर आत जातंय, भायेर येत न्हाई. ह्ये आमाला शिकवाया नगं."

मग तिने सांगितलं. आधी ते दुसऱ्या गावाच्या कडेला राहायचे. गावात चोरी झाली. कोणी केली हे कोणी विचारलं नाही. लोक सरळ वस्तीवर आले. तिचा मुलगा पत्र्याच्या खोलीत झोपला होता. बाहेरून कडी घातली आणि पेटवून दिलं. खोलीला दार एकच होतं. हे सांगताना ती नातीच्या केसांतल्या गवताच्या काड्या काढत होती. सून चुलीकडे तोंड करून बसली होती.

मी कागद खाली ठेवला. मी विचारलं, "मग बाकीच्यांसारखी भिंत का नाही पाडली?"

बाकीच्या बायकांबरोबर आमच्या मागोमाग आलेली तारा म्हणाली, "आमी लई सांगितलं. येडी हाय ती!"

"तूच येडी," सुंदराबाई तिच्यावर उखडली. "भिंतीला हात लावनार न्हाई म्हनून अंगठा दिलाय की आपुन. अंगठा दिला म्हंजी दिला. उद्या म्हनतील, पारधीन खोटं बोलली."

म्हणजे ज्या अकराजणींनी करार मोडला, त्यांची घरं राहणार होती. शब्द पाळणारीचं घर जाणार होतं, आणि ते काढून घ्यायला मी आले होते.

पण सगळ्यात मोठा धक्का मला आतून बसला. पहिल्या नकाशात मागचं दार होतं. वस्तीतल्या बायकांनीच मागितलं होतं. ते मी लाल पेन्सिलीने खोडलं आणि कडेला नेटक्या अक्षरात लिहिलं: सुरक्षिततेसाठी मागील दार नको.

मी ते सांगून टाकलं.

सुंदराबाई माझ्याकडे वळली. "तुमी खोडलं व्हय? मंग तुमच्या घराला दारं किती?"

"तीन."

"अगं बया, तीन!" बायका हसू लागल्या. "आन् पोलीस किती येळा येत्यात?"

"कधीच नाही."

मग कोणी हसलं नाही.

नकाराच्या कागदाच्या पाठीमागे मी घराचा नकाशा काढला. पर्समधली टेप काढून मंदाताईबरोबर मागची भिंत मोजली, दाराची जागा दाखवली आणि परवानगी लिहून सही केली. मला एकटीला तसा अधिकार नव्हता. सुंदराबाईने मजकूर मंदाताईकडून दोनदा वाचून घेतला, तिलाही सही करायला लावली आणि मगच पहार हातात घेतली. पहिला घाव तिचा. तिसऱ्या घावाला वीट निघाली. सूनही उठून विटा उचलू लागली.

परतताना कपिलधारला उतरले नाही. फाटा कधी गेला, तेही कळलं नाही.

पुण्यात समितीने मला खडसावलं. "नियम सगळ्यांना सारखा हवा," अध्यक्ष म्हणाले. मी म्हटलं, मग बाराही घरांना मागचं दार द्या. त्यावर अजून निर्णय नाही. सुंदराबाईच्या घराचं लोखंडी मागचं दार मात्र मंदाताईने तोवर बसवून घेतलं होतं, आणि त्या तिघी राहायला गेल्या होत्या.

परवा मंदाताईचा फोन आला. शेजारच्या गावात विहिरीवरची मोटार चोरीला गेली. दिवस उजाडताच माणसं वस्तीवर आली. सुंदराबाईचं पुढचं दार त्यांनी फोडलं, ज्वारी अंगणात उधळली, अंथरुणं पेटवली. आत कोणी सापडलं नाही.

मुलांनो, मी आयुष्यभर नकाशे तपासले. घर कोणापासून वाचवायचं, हे मी त्यात राहणाऱ्याला कधी विचारलं नव्हतं.

सुंदराबाई, तिची सून आणि नात जिवंत आहेत. भिंती काळ्या झाल्या आहेत, पण उभ्या आहेत. मागचं दार शाबूत आहे.

तुमची आजी