तव्यावरचं शेवाळ

मुलीच्या अभ्यासाचं शेवाळ मी गुरुवारी सकाळी पोळीच्या तव्यावर भाजलं. चुकून नव्हे, चांगलं ठरवून. मंद आचेवर, उलथन्यानं परतत.

मुलगी वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आदल्या दिवशी कॉलेजच्या सहलीवरून कोकणातून परतली ती तीन बाटल्या छातीशी धरून. आत समुद्राचं पाणी आणि किनाऱ्यावरच्या खडकांतून तिनं स्वतः सोडवून आणलेलं हिरवं शेवाळ. कुठलं कोणतं ते ओळखून शुक्रवारी मॅडमना दाखवायचं होतं. पहिलं पालकाच्या पानासारखं, पण पतंगाच्या कागदाइतकं पातळ. दुसरं पोकळ नळ्यांचं. ही दोन्ही तिनं ओळखली होती. तिसऱ्या बाटलीत हिरव्या दोऱ्यांचा एकच गुंता होता आणि तिचा सगळा जीव त्या गुंत्यात.

"हे आमच्यात दुसऱ्या कुणालाच मिळालं नाही, बाबा. हात लावू नका हं, मी आलेच," म्हणून ती अंघोळीला गेली.

मी चाकणला गाड्यांचे प्लॅस्टिकचे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. हात लावू नका म्हटलेल्या वस्तूला हात लावणं हेच माझं काम. बाटली उजेडात धरली. दोऱ्याला कुठं फांदी नाही, फाटा नाही, जाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी. इतकी सारखी जाडी मशीनमधूनच येते, आणि तीही आमच्याकडे रोज येत नाही.

"हे नायलॉन आहे," मी जाहीर केलं. "मासे पकडायच्या जाळ्याचं. पोरगी उद्या मॅडमसमोर जाळं घेऊन उभी राहणार."

तळेगावचे माझे साडू समोर चहा पीत बसले होते. "कशावरून?"

"राव, आयुष्य गेलं नायलॉनमध्ये."

"मग करा की टेस्ट."

आमच्या खात्यात शंका आली की तुकडा लायटरवर धरतात. नायलॉन वितळतं आणि टोकाला मणी धरतो. मात्र नमुना कोरडा लागतो. ओल्या नमुन्यावर निकाल देणं आमच्यात पाप समजतात. म्हणून तवा. एक दोरा ओढायला गेलो तर सगळा गुंता बाहेर आला. म्हटलं, आलाय तर सगळाच वाळवू.

वास मात्र जोरात सुटला. बाहेरून शेजारच्या काकूंचा आवाज आला, "काय हो, आज गुरुवारी सुकट?"

गुंता आकसून काळपट झाला. मी चिमट्यात एक दोरा धरला आणि पेटवला. तो तडतडला, क्षणभर लाल झाला आणि त्याची राख झाली.

"मणी कुठाय?" साडूंनी विचारलं.

मुलगी ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली. तिनं नुसतं पाणी उरलेली बाटली बघितली, मग तवा.

"नायलॉन नाही," मी म्हणालो. "खात्री झाली." आनंदाची बातमी द्यावी तसा म्हणालो, हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.

"रविवारी गाडी काढू, कोकणात जाऊ, पुन्हा आणू," मी घाईघाईनं पुढं म्हटलं.

"मॅडम उद्या बघणारेत, बाबा." तिनं बाटलीतलं पाणी मोरीत ओतलं आणि दोन बाटल्या उचलून आत गेली. रडली असती, भांडली असती, तर मला काही बोलता आलं असतं. साडूंनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि चपला शोधू लागले. मी तवा घासत राहिलो, स्वच्छ झाल्यावरसुद्धा.

बायको गच्चीवर कपडे वाळत घालून आली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता तव्यावरून बोलेल.

"भिंग आणून ठेवायला सांगितलं होतं तिनं मला," ती म्हणाली. "अंघोळ झाली की आधी तुम्हाला दाखवणार होती. म्हणाली, बाबांना बघायला आवडेल."