काळ्या खिडकीतले अण्णा

कंपनीनं दिलेला माउस अण्णांनी खोक्यातून कधी बाहेर काढला नाही. टेबलावर तो खोक्यासकट असे आणि खोक्यावर त्यांच्या कॉफीचा पेला. माउसचा काहीतरी उपयोग असतो, हे त्यांना एवढ्यापुरतं मान्य होतं.

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या ऑफिसात अण्णा टीम लीड होते. त्यांचं घराणं बंगळुरात इतक्या पिढ्यांचं, की त्यांचं मराठी ऐकताना मधूनच कन्नडचा खडा लागे. मी साताऱ्याहून नवी आलेली. मराठी बोलणारा वरिष्ठ मिळाला म्हणून पहिल्या दिवशी हरखले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या लॅपटॉपचा पडदा पाहिला.

अनेकांनी मिळून लिहिलेल्या कोडमध्ये कुणी कधी काय बदललं, हे सांभाळायला आमच्याकडे गिट नावाची व्यवस्था असते. तिला आज्ञा दोन प्रकारे देता येतात. काळ्या खिडकीत शब्द टाइप करून, नाहीतर रंगीत रेषांचं चित्र बघत बटणं दाबून. मी दुसऱ्या पंथातली.

"हे काय ग, रांगोळी?" अण्णांनी विचारलं.

"गिटचं चित्र आहे, अण्णा. कुणाचं काम कुठे जोडलंय ते दिसतं."

"सरी, बरं. बटण दाबल्यावर आत काय होतं, ते दिसतं का?"

नव्हतं दिसत. त्यांना ते ठाऊक होतं, म्हणून तर विचारलं होतं.

तेव्हापासून रोज एक आहेर ठरलेला. माझा प्रोग्राम दर थोड्या वेळानं सर्व्हरवरचं सगळ्यांचं ताजं काम न विचारता उतरवून ठेवी. अण्णांच्या मते ही शेजाऱ्याच्या पातेल्यात डोकावण्याची सवय. "मला लागेल तेव्हा मी मागून घेतो. स्वल्प शिस्त हवी." मीही विचारी, "आणि टाइप करताना चुकलात तर?" यावर ते इतक्या दयेनं हसत, की विचारल्याची मलाच लाज वाटे. आमच्या दोघांच्या मधे बसणारी लता मुकाट्यानं हेडफोन लावी.

लता बाळंतपणाच्या रजेवर गेली. जाताना दोन आठवड्यांचं काम तिनं सर्व्हरवर चढवलं आणि लॅपटॉप जमा केला. दुसऱ्याच दिवशी दुपारी अण्णांनी काळ्या खिडकीत एक आज्ञा दिली: सर्व्हरवर जे असेल ते पुसून त्या जागी माझं काम ठेव. गिटमध्ये ज्याच्या त्याच्या कामाची वेगळी शाखा असते; ही आज्ञा होती त्यांच्या स्वतःच्या शाखेसाठी, पण टाइप झालं लताच्या शाखेचं नाव. अत्यंत शिस्तीत, एका ओळीत, लताचं काम पुसलं गेलं.

मी जेवून आले, तर अण्णा माझ्या टेबलापाशी उभे. माझ्या मिटलेल्या लॅपटॉपची नेटची केबल त्यांनी काढून हातात धरलेली.

"लताचं काम मी पुसलं ग," ते हळू आवाजात म्हणाले. "सकाळी उतरवलेलं तुझ्याकडे असेल. त्यावर नवं काही उतरायच्या आत बघ."

चित्रात लताची हिरवी रेष जशीच्या तशी होती. मी तिथून नवी शाखा काढली, केबल जोडली, बटण दाबलं. काम सर्व्हरवर परत आलं. आत काय झालं, ते या वेळी त्यांनी विचारलं नाही.

संध्याकाळच्या बैठकीपर्यंत बातमी मॅनेजरांकडे पोचली होती. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "चित्रं बघून काम करणाऱ्यांच्या हातून हे होणारच." हे वाक्य वर्षभर अण्णांनीच त्यांना शिकवलेलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी तोंड उघडणार, तोच अण्णा उभे राहिले.

"मी पुसलं. हातानं टाइप करून. हिनं परत आणलं."

आणि खाली बसले. वर्षभरात इतकं थोडक्यात ते प्रथमच बोलले.

लता आनेकलला माहेरी होती. शनिवारी अण्णा मला घेऊन बसनं तिकडे निघाले. "काम तर परत आलंय," मी म्हटलं. "तिला कधी कळणारही नाही."

"म्हणून तर जायचं," ते म्हणाले.

लतानं पोटावर हात ठेवून सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग कन्नडमध्ये म्हणाली, "सर, मी निघताना सगळ्याची एक प्रत ऑफिसच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवली होती. वर्षभर तुमच्या दोघांच्या मधे बसले होते मी. माझा दोघांवरही भरवसा नव्हता."

अण्णा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मला हसू आलं ते परतीच्या बसमध्ये, अर्ध्या वाटेवर.

पुढच्या वर्षी, घरी अंथरुणाला खिळलेल्या आईजवळ कुणीतरी हवं म्हणून अण्णांनी नोकरी सोडली. निरोपाचं भाषण त्यांनी करू दिलं नाही. आता त्यांच्या जागेवर मी बसते. काळ्या खिडकीवाले आणि बटणंवाले आमच्याकडे शेजारी शेजारी गुण्यागोविंदानं नांदतात, कारण कुणाला कुणाच्या पडद्याकडे बघायला वेळ नाही. मॅनेजर याला प्रगती म्हणतात.

मी मधूनमधून अण्णांना फोन करते. आईची चौकशी झाली की ते विचारतात, "या आठवड्यात काय चुकलीस?"

ऑफिसात हे कुणी विचारत नाही. मी खुर्ची ओढून घेते आणि पहिल्यापासून सांगायला लागते.