मुकादमाचा गुलाबी साबण

डांबराच्या प्लँटवरचा मुकादम आठवड्याला डझनभर गुलाबी साबण नेतो, ही कुजबुज आधी दुकानदाराने सोडली. मी ती फक्त चार घरी पोचवली. ज्याच्या अंगाला वीस वर्षं डांबराचा वास, त्याला एवढा साबण कशाला? दुसरं घर थाटलंय, असं आम्ही ठरवून टाकलं.

तसा माणूस कामाचा. जुन्या टायरांचा चुरा गरम डांबरात घालून यंत्रात तासभर घोटायचा. "बटाटा कच्चा राहिला तर बायको ऐकवते, चुरा कच्चा राहिला तर रस्ता," म्हणायचा.

इस्पितळासमोरचा रस्ता ही त्याची परीक्षा होती. पहिल्याच दिवशी त्याने जुन्या सवयीने रोलरच्या चाकाला डिझेल फासलं. रस्त्यावरचा रबराच्या डांबराचा थर डिझेलने सैल झाला आणि चाकाबरोबर सालीसारखा सोलून वर आला.

साहेब म्हणाले, "मुकादम, पुन्हा असं झालं तर तुमचं घोटायचं यंत्र विकून टाकू. मग बसा खडी पसरत."

दुसऱ्या दिवसापासून साबणाची खरेदी सुरू झाली.

बातमी त्याच्या बायकोच्या कानावर गेली. कुणी घातली ते विचारू नका. मोठ्या नणंदेला घेऊन ती भर दुपारी रस्त्यावर धडकली. मुकादम कोपरापर्यंत बादलीत हात घालून फेस काढत होता.

"कुठंय रे ती?" नणंदेने भावाला विचारलं.

"कोण, ताई?"

"जिच्यासाठी माझा साबण पळवता ती," बायको म्हणाली. "मोरीतली वापरलेली वडीसुद्धा सोडली नाहीत."

मुकादमाने रोलरकडे बोट दाखवलं. "ही बघ. दहा टनांची आहे, जरा जपून बोल."

नणंदेने तोंड फिरवून हसू दाबलं. बायको मात्र हटेना. "कपड्यांचा साबण चालला नसता?"

"घाईत तुझाच हाताला लागला. त्या दिवशी चाकाला कणभर चिकटलं नाही. आता बदलायची छाती होत नाही गं. उद्या साहेब बघायला येतायत."

तिने बादलीत बोट बुडवून पाहिलं. "एवढ्या पातळ फेसाने काय होणार? आणखी चार वड्या किसा." आणि स्वतःच किसायला बसली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वाकून नखाने थर उकरला. निघाला नाही. यंत्र राहिलं.

मुकादमाला दुसरं घर नव्हतं. चाकावर साबणाचं पाणी असलं की रबराचं डांबर त्याला चिकटत नाही, म्हणून तो साबण नेत होता.